माउस हलवला की कानात किरकिर

“डॅक घेऊ का रे?” हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा नुकताच एक बरा हेडफोन घेतलेला असतो. एका मित्राने त्याला सांगितलेलं असतं की लॅपटॉपच्या भोकातून येणारा आवाज म्हणजे कचरा, बाहेरचा डॅक आणि ॲम्प लावला नाहीस तर हेडफोनचे पैसे पाण्यात. दुसऱ्या मित्राने सांगितलेलं असतं की हे सगळं थोतांड आहे, शून्य आणि एक सगळीकडे तेच, मग आवाज वेगळा कसा येईल? गंमत म्हणजे दोघेही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या सालातलं. त्यामुळे उत्तर द्यायचं तर थोडा इतिहास सांगावा लागतो, आणि तो चहाच्या ब्रेकमध्ये मावत नाही. म्हणून आज इथे.

आधी डॅक म्हणजे काय ते थोडक्यात. फाइलमधलं गाणं म्हणजे आकड्यांची रांग. सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा, डाव्या-उजव्या कानाचे वेगळे. हेडफोनच्या पडद्याला आकडे कळत नाहीत, त्याला व्होल्टेज लागतं. आकड्याचं व्होल्टेज करतो तो डॅक, आणि त्या व्होल्टेजमागे पडदा हलवण्याइतकी ताकद लावतो तो ॲम्प्लिफायर. ही दोन्ही कामं तुमच्या लॅपटॉपमध्ये आत्ताही चालू आहेत, नाहीतर काहीच ऐकू आलं नसतं. प्रश्न एवढाच की ती पेटीच्या आत करायची का बाहेर.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्यात डॅक नव्हताच. एक सव्वादोन इंची स्पीकर होता आणि तो इंटेलच्या ८२५३ या टायमर चिपला जोडलेला होता. स्पीकरला दोनच अवस्था, पडदा पुढे किंवा मागे. एक बिट, संपलं. टायमर सेकंदाला जितक्या वेळा उघडझाप करेल त्या पट्टीतला बीप. मशीन कचेरीसाठी होतं, चूक झाली की ओरडायचं एवढंच काम. त्याच काळात घरगुती मशीनं मात्र छान गात होती. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्ये बॉब यानेसने बनवलेली सिड चिप होती, १९८५ च्या अमिगात चार चॅनेलचा आठ-बिटी आवाज आतच होता. म्हणजे ‘आतला आवाज वाईटच’ हे तेव्हाही त्रिकालाबाधित सत्य नव्हतं, ते पीसीचं दुखणं होतं.

पण गेम लिहिणारे ऐकतात थोडेच! त्या एका बिटाची उघडझाप इतकी भराभर करायची की पडद्याला ती झेपणार नाही आणि तो मध्येच कुठेतरी तरंगत राहील, अशी युक्ती निघाली. किती वेळ चालू, किती वेळ बंद, हे प्रमाण बदललं की पडद्याची जागा बदलते. ॲक्सेस सॉफ्टवेअर या कंपनीने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याला ‘रिअलसाउंड’ असं नाव दिलं आणि चक्क गेममध्ये माणसाचं बोलणं ऐकवलं. अख्खा प्रोसेसर त्यात खपायचा, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण यायचा. आजचे बहुतेक डॅक आतून याच घराण्यातले आहेत बरं का. बिट थोडेच, पण वेग प्रचंड, आणि वर खरखर माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत ढकलून द्यायचं गणित. त्याला डेल्टा-सिग्मा म्हणतात.

१९८७ मध्ये कॅनडातल्या क्युबेकच्या ॲडलिबने यामाहाची वायएम३८१२ चिप लावलेलं कार्ड आणलं. हे कार्ड गाणं ‘वाजवत’ नसे, स्वतः गायचं. त्याला सांगायचं की अमुक सूर, एवढा वेळ, असा लाव, की ते लावणार. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवणं हे त्याचं कामच नव्हतं.

आणि आता माझं सगळ्यात आवडतं प्रकरण. कोव्हॉक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने त्याच सुमाराला ‘स्पीच थिंग’ नावाची वस्तू काढली. ती प्रिंटरच्या पोर्टात खुपसायची. प्रिंटर पोर्टला डेटाच्या आठ तारा असतात, एका वेळी एक बाइट. या आठ तारांना रेझिस्टरची एक शिडी अशी जोडलेली की प्रत्येक तारेचं वजन आधीच्या दुप्पट. सगळ्यांची बेरीज म्हणजे २५६ पायऱ्यांचं व्होल्टेज. झाला डॅक! चिप नाही, वेगळी पॉवर नाही. पोर्टवर बाइट लिहा, पलीकडे आवाज. हौशी लोक मूठभर रेझिस्टर आणून घरीच सोल्डर करायचे. पुढे डिस्नेने (हो, मिकी माउसवाली) १९९० च्या आसपास ‘साउंड सोर्स’ काढला. त्यात १६ बाइटांचा बफर होता, सेकंदाला सुमारे ७,००० आकडे वाजायचे आणि स्पीकरच्या डब्यात नऊ व्होल्टची बॅटरी. डॅक, बफर, बॅटरीवरचा ॲम्प. आज टेबलावर ठेवायला जी ॲल्युमिनियमची डबी मिळते तिचा सांगाडा वेगळा नाही. फक्त तेव्हा ती घेण्याचं कारण साधं होतं, आत काही नव्हतंच.

आत काहीतरी आलं ते सिंगापूरहून. सिम वोंग हू (ते जानेवारी २०२३ मध्ये गेले) यांच्या क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणलं. त्यात ॲडलिबवाली चिप होती, शिवाय आठ-बिटी डॅक, आणि वर जॉयस्टिकचं पोर्ट. एका स्लॉटमध्ये सगळं. ॲडलिब १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी साउंड ब्लास्टर १६ आलं. सोळा बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. कागदावर सीडी प्लेअर!

कागदावर. खरं दुखणं इथून सुरू होतं, म्हणून इथे जरा थांबू. एका बिटामागे साधारण सहा डेसिबल, म्हणजे सोळा बिटांचे ९६. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज यांच्यातलं हे अंतर. ते गाठायचं तर काय लागतं? एका व्होल्टचे ६५,५३६ भाग केले तर एकेक पायरी पंधरा मायक्रोव्होल्टची येते. आता त्याच पेटीत काय चाललंय बघा. पॉवर सप्लाय सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतोय, हार्ड डिस्कची मोटर फिरतेय, प्रोसेसर क्षणात झोपतोय, क्षणात दचकून उठतोय आणि दर वेळी भसाभस करंट ओढतोय. हा सगळा करंट परत जातो ग्राउंडमधून. ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट असं आपण शिकलो, पण तांब्यालाही रेझिस्टन्स असतो. एक मिलिओहमच्या पट्टीतून एक अँपिअर गेला की तिथे एक मिलिव्होल्ट तयार होतो. म्हणजे पंधरा मायक्रोव्होल्टच्या पायऱ्या मोजणाऱ्याच्या पायाखालची जमीनच पासष्ट पायऱ्यांनी वर-खाली होते.

माउस हलवला की कानात किर्र, पान स्क्रोल केलं की झिर्र, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना भास होत नव्हते. माउस हलला, स्क्रीन पुन्हा रंगवायची वेळ आली, प्रोसेसर उठला, करंट उसळला, जमीन हलली. कॅबिनेटच्या पुढच्या भोकात हे जास्त ऐकू यायचं, कारण तिथवर जाणारी वायर मदरबोर्डवरच्या सगळ्या गोंगाटावरून जाते. (डेस्कटॉपवर खरखर येत असेल तर पैसे खर्च करण्याआधी हेडफोन मागच्या भोकात लावून बघा. बऱ्याचदा काम तिथेच होतं.)

यावर इंटेलचा उपाय म्हणजे एसी’९७. विचार चांगला होता. आकड्यांचं काम चिपसेटमध्ये राहू दे, आणि व्होल्टेजचं काम कोडेक नावाच्या एका छोट्या चिपमध्ये वेगळं काढून गोंगाटापासून दूर बसवा. झालं काय, तर ती छोटी चिप इतकी स्वस्त पडली की साउंड कार्डाची गरजच संपली आणि चिप येऊन बसली थेट मदरबोर्डवर, जिथे जागा उरेल तिथे. लॅमिंग्टन रोडला नाहीतर तपकीर गल्लीत मशीन असेंबल करून घेतलेल्यांना कोटेशनमधली ‘साउंड : ऑनबोर्ड’ ही ओळ आठवत असेल. ऑनबोर्ड म्हणजे फुकट, आणि फुकट म्हणजे त्यावर कुणी डोकं लावलेलं नाही.

शिवाय एसी’९७ मूळचं चालायचं ४८ किलोहर्ट्झवर, आणि गाणी ४४.१ वर. (४४.१ हा विचित्र आकडा आला टीव्हीवरून. सीडीच्या आधी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे. एका रेघेत तीन आकडे, २४५ रेघा, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार करून बघा.) त्यामुळे दर १४७ आकड्यांचे १६० आकडे करायचे. हे नीट करता येतं, पण त्याला गणित लागतं, आणि गणिताला प्रोसेसर लागतो. तेव्हाचे बरेच ड्रायव्हर यात काटकसर करायचे. १९९८ चं साउंड ब्लास्टर लाइव्ह हे तर चांगलं विकत घेतलेलं कार्ड, पण तेसुद्धा आतल्या आत सगळं ४८ वर आणायचं आणि मोजणाऱ्यांनी त्यावरून त्याला पुष्कळ झोडपलं. विंडोज एक्सपीत वर आणखी एक मिक्सर बसलेला. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे कबूल करायला लाज वाटते, पण त्या काळात ‘हार्डवेअर खराब आहे’ म्हणून केलेल्या तक्रारींतल्या किती तक्रारी खरं तर आमच्या जातभाईंच्या असतील कोण जाणे.

तर ‘आतला आवाज म्हणजे कचरा’ हे वाक्य या काळातलं. साधारण १९९७ ते पुढची आठ-दहा वर्षं. तेव्हा ते खरं होतं, आणि बाहेरची डबी घेणाऱ्याला पहिल्या मिनिटात फरक कळायचा.

बाहेर जायला रस्ताही नेमका तेव्हाच मिळाला. यूएसबीवरून आवाज कसा पाठवायचा याचं पहिलं स्पेसिफिकेशन १९९८ चं. हा आपला नेहमीचा प्रोड्युसर-कन्झ्युमरचा प्रश्न आहे. यूएसबीची खेप दर मिलिसेकंदाला येते आणि गाण्याचे आकडे मिलिसेकंदाला ४४.१. म्हणून नऊ खेपांत ४४-४४ आणि दहाव्या खेपेत ४५. पण घड्याळ कुणाचं? सुरुवातीचे स्वस्त डॅक कॉम्प्युटरच्या घड्याळामागे धावायचे आणि धावताना थोडे अडखळायचे. नंतर असिंक्रोनस पद्धत रुळली, ज्यात डॅक आपल्या क्रिस्टलवर चालतो आणि कॉम्प्युटरला सांगतो, जरा जास्त पाठव, जरा कमी पाठव. आज साध्या डबीतही हे असतं, त्यामुळे खोक्यावर ते मोठ्या अक्षरात छापलेलं बघून भुलू नका.

एक गोष्ट मात्र डबी बाहेर काढूनही सुटत नाही. यूएसबीच्या केबलमधून पॉवर आणि ग्राउंड दोन्ही येतात, म्हणजे जमीन अजूनही कॉम्प्युटरचीच. आपल्याकडे तर घरांतल्या अर्थिंगची कथा निराळीच. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात ना, तोच गळका करंट पॉवर असलेल्या स्पीकरमध्ये ‘हूं’ करून गातो. त्यावर दोन हजारांचा किंवा वीस हजारांचा डॅक सारखाच हतबल. चार्जर काढून बघायचा, किंवा १९८३ पासून चालत आलेली तोशिबाची टॉसलिंक ही प्रकाशाची केबल वापरायची. काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जात नाही.

पुढची गोष्ट पटकन सांगतो. २००४ मध्ये इंटेलने एसी’९७ च्या जागी एचडी ऑडिओ आणलं, ४४.१ ला ४४.१ च ठेवणारं. विस्टापासून विंडोजचा ऑडिओ नव्याने लिहिला गेला. मदरबोर्डवाल्यांनी आवाजाचा कोपरा तांब्याचा थर कापून वेगळा ठेवायला सुरुवात केली (आणि मग त्या रेघेखाली एलईडी लावून तिची दिवाळीही केली). २०१७ च्या सुमाराला मदरबोर्डवर दिसू लागलेल्या रिअलटेकच्या एएलसी१२२० चा कागदावरचा आकडा १२० डेसिबल होता. कागद सोडून द्या, त्यातले वीस खाली आले तरी सीडीपेक्षा जास्तच. म्हणजे कचऱ्याचं युग गुपचूप संपलं होतं, आणि दवंडी कुणीच पिटली नाही. कोण पिटणार? मदरबोर्ड विकणाऱ्याला ‘आता आमची चिप बरी आहे’ म्हणायला तोंड नव्हतं आणि डबी विकणाऱ्याला म्हणायची इच्छा नव्हती.

मग डबी विकायचं नवं कारण पुढे आलं, ९६ किलोहर्ट्झ, १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट. यावर बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचण्यासारखा आहे. उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचं एक वळण घातलं आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. आणि आपण ऐकतो काय हाही प्रश्न आहेच. बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकडीवरून उतरवलेलं पद असेल तर तबकडीचीच खरखर इतकी की कोव्हॉक्सचे आठ बिटही जवळजवळ पुरावेत :-)

राहिला ॲम्प्लिफायर, आणि इथे माझं मत थोडं बदलतं. डॅकपेक्षा हे प्रकरण जास्त खरं आहे.

नव्वदच्या शेवटी लोकांकडे सेनहायझर एचडी ६०० (१९९७, ३०० ओहम) सारखे हेडफोन आले आणि वाजवायला होते दोन सेलवर चालणारे प्लेअर. ३०० ओहमला व्होल्टेज लागतं आणि तीन व्होल्टच्या बॅटरीतून ते काढणार कुठून? तेव्हा चू मॉय या माणसाने एका ऑपॅम्पवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. पेपरमिंटच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत नऊ व्होल्टच्या बॅटरीसकट मावायचं. जगभर पोरांनी ते बनवलं. सीमॉय म्हणतात त्याला.

आणि २०११ मध्ये उगवला एनडब्ल्यूएव्हीगाय. (मराठीत लिहिलं की ‘गाय’ घोटाळा करते, पण इलाज नाही.) या टोपणनावाच्या माणसाने ब्लॉग सुरू केला, महागड्या ॲम्पची मोजमापं काढून त्यांची सालं काढली, आणि लोक चिडून ‘मग तूच बनवून दाखव’ म्हणाले तेव्हा खरंच बनवून दाखवला. त्याचं नाव ओ२. साधे ऑपॅम्प, दोन बॅटऱ्या, सुटे भाग ३०-४० डॉलरचे, सर्किट सगळ्यांना खुलं. मोजमापांत आणि डोळे झाकून ऐकण्यात त्याने तो बेंचमार्क डॅक१ प्री या दीड हजार डॉलरच्या वरच्या यंत्राशेजारी ठेवला. २०१२ मध्ये ओडॅक नावाचा डॅकही काढला. आणि त्याच वर्षाच्या मध्यात तो गप्प झाला. परत काही लिहिलं नाही, कोण होता ते कळलं नाही.

त्याने सगळ्यांच्या डोक्यात बसवलेली एक गोष्ट म्हणजे आउटपुट इंपीडन्स. समजा भोकाच्या आत ७५ ओहम आहेत आणि तुमच्या इअरफोनचा इंपीडन्स एका पट्टीत २० ओहम, दुसऱ्या पट्टीत ६० (अनेक ड्रायव्हरच्या इअरफोनमध्ये असं होतं). मग पहिल्या पट्टीत व्होल्टेजचा २१ टक्के वाटा इअरफोनला मिळणार, दुसऱ्या पट्टीत ४४ टक्के. साडेसहा डेसिबलचा फरक! गाण्याचा चेहराच बदलला. आत एकच ओहम असेल तर हाच फरक पाव डेसिबलच्या आसपास येतो. त्याचा नियम सोपा होता, भोकाचे ओहम हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा जास्त नकोत. जुन्या लॅपटॉप आणि मदरबोर्डांवर ते सर्रास काही दहांत असायचे. ‘डॅक लावला आणि बेस मोकळा झाला’ असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांनी हेच ऐकलेलं असतं. श्रेय डॅकला मिळालं, काम ॲम्पने केलं.

आणि मग २०१८ मध्ये ॲपलने यूएसबी-सीचं एक शेपूट काढलं, नऊ डॉलरचं. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक, मधल्या बोटाएवढ्या प्लास्टिकमध्ये डॅक आणि ॲम्प दोन्ही. ऑडिओ सायन्स रिव्ह्यूने मोजलं तर गोंगाट आणि विकृती मिळून सिग्नलच्या सुमारे ९९ डेसिबल खाली. साधारण एक व्होल्ट आउटपुट (युरोपातल्या आवृत्तीत त्याच्या निम्मं). ज्या कामासाठी वीस वर्षं लोकांनी पेटी उघडली, सोल्डर केलं, भांडणं केली, ते काम फोनच्या दुकानातल्या हुकावर लटकायला लागलं.

तेव्हा “डॅक घेऊ का” चं माझं उत्तर असं असतं. हेडफोन लाव, काहीही वाजवू नकोस, व्हॉल्यूम पूर्ण कर आणि माउस हलव, पान स्क्रोल कर. (मग व्हॉल्यूम आठवणीने खाली आण, नाहीतर कान जातील.) किरकिर आली तर ते शेपूट घे, संपला विषय. किरकिर नाही, पण गाणं पुरेसं मोठं होत नाही आणि हेडफोन २५०-३०० ओहमचा आहे, तर ॲम्प घे, आणि दुकानात त्याचे वॉट विचारण्याआधी आउटपुट इंपीडन्स विचार. दोन्ही नसेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ते ‘एन्हान्समेंट’ नावाचं जे काय आपोआप चालू असतं ते बंद कर, तेवढ्यानेही फरक पडतो. तुलना करायचीच असेल तर दोन्हींचा आवाज आधी मीटरने सारखा करून घे. अर्धा डेसिबल मोठा आवाज मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानदाराला ते माहीत असतं.

आणि ब्लूटूथवाल्यांनो, तुमचा डॅक आणि ॲम्प दोन्ही त्या चिमुकल्या बोंडात, कानातच आहेत. लॅपटॉपमधल्या चिपपर्यंत तुमचं गाणं जातच नाही. ते रेडिओवरून जाण्याआधी पिळून लहान केलेलं असतं, तो वेगळा विषय. त्यावर पुढच्या एखाद्या शनिवारी.